नेटवर्कवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर सर्व्हरवर सर्व्हिस म्हणून कसे चालवावे

एसएसएचने सर्व्हरवर लॉगिन करायचे, मॉनिटरिंगचे सॉफ्टवेअर हाताने सुरू करायचे आणि आलेख दिसू लागले की लॅपटॉप मिटायचा, अशी सुरुवात बहुतेक ठिकाणी होते. लॅपटॉप मिटला की एसएसएचचे सत्र तुटते, त्या सत्रातील प्रोग्रॅमना हँगअपचा सिग्नल जातो आणि मॉनिटरिंग तिथल्या तिथे थांबते. मग कोणी 'नोहप' वापरायला सांगतो, कोणी 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स' सुचवतो, तर कोणी क्रॉनटॅबमध्ये रीबूटच्या वेळी चालणारी एक ओळ टाकून मोकळा होतो. या युक्त्यांनी सत्र तुटण्याचा प्रश्न सुटतो, हे खरे. पण रात्री मेमरी संपून प्रोग्रॅम बंद पडला, तर त्याला पुन्हा उठवणारे कोणी नसते, तो कशामुळे पडला याची नोंद सापडत नाही आणि तो कोणत्या अधिकारांनिशी चालला होता, हेही नंतर नक्की सांगता येत नाही.

मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरची आणखी एक अडचण आहे, जी इतर सर्व्हिसना नसते. वेबसाइट बंद पडली तर ग्राहकांचे फोन येतात आणि मेल सर्व्हर बंद पडला तर अर्ध्या तासात सगळ्या कार्यालयाला कळते. मॉनिटरिंग बंद पडले तर मात्र कुणाचेच काही अडत नाही. इशारे यायचे थांबतात, आणि इशारा नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे समजण्याची सवय त्याच सॉफ्टवेअरने आपल्याला लावलेली असते. म्हणून सर्व्हिस सुरू कशी करावी यापेक्षा ती गुपचूप बंद पडू नये आणि पडलीच तर ते आपल्याला कळावे कसे, याला पुढे अधिक जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून एक साधी परिस्थिती घेऊ. तालुक्याच्या ठिकाणी मुख्य कार्यालय आणि आसपासच्या गावांत वीस शाखा असलेली एक पतसंस्था आहे. मुख्य कार्यालयात डेबियन किंवा उबुंटूवर चालणारा एक सर्व्हर आहे, आणि प्रत्येक शाखेच्या राउटरला दर १५ सेकंदांनी पिंग करून तो उत्तर देतो का आणि उत्तराला किती वेळ लागतो, याची नोंद ठेवायची आहे. यासाठी प्रॉमिथियस आणि त्याच्या जोडीला ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर हे दोन प्रोग्रॅम पुरतात. प्रत्यक्ष पिंग करण्याचे काम ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर करतो. प्रॉमिथियस त्याला ठरावीक वेळाने विचारतो, मिळालेले आकडे साठवतो आणि नियमांत बसेल तेव्हा इशारा काढतो. नागिऑस, झॅबिक्स किंवा स्मोकपिंग वापरणाऱ्यांनाही पुढील बहुतेक भाग लागू पडेल, कारण लिनक्सवर सर्व्हिस सांभाळण्याचे काम शेवटी सिस्टिमडीकडेच असते. डेबियन आणि उबुंटू या दोघांनीही २०१५ साली त्याचा मूळ व्यवस्थापक म्हणून स्वीकार केला.

आज्ञा, फाइलींची नावे आणि निर्देश येथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलवर ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे आहेत, आणि युनिट फाइलमधील, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टिमडीला सांगणाऱ्या फाइलमधील, निर्देशांत प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे असते.

डेबियन व उबुंटूमध्ये या दोन्ही प्रोग्रॅमची तयार पॅकेजे आहेत. 'एपीटी'ने ती बसवली की वेगळा वापरकर्ता, फोल्डर आणि युनिट फाइल आपोआप तयार होतात, आणि ज्यांना नव्या आवृत्तीची विशेष गरज नाही त्यांनी हाच मार्ग धरावा. तेव्हाही पॅकेजने आणलेली युनिट फाइल हाताने बदलू नये, कारण पुढच्या अपडेटमध्ये तो बदल पुसला जातो. 'सिस्टिमसीटीएल एडिट' या आज्ञेने आपले बदल वेगळ्या ओव्हरराइड फाइलमध्ये ठेवता येतात. पुढचे विवेचन मात्र मूळ प्रकल्पाकडून थेट फाइल आणून सर्व्हिस स्वतः उभी करणाऱ्यांसाठी आहे.

आधी हाताने चालवून पाहावे

युनिट फाइल लिहिण्यापूर्वी प्रोग्रॅम ज्या वापरकर्त्याच्या नावाने पुढे चालणार आहे, त्याच नावाने तो एकदा हाताने चालवावा. त्यासाठी 'यूजरअ‍ॅड'ला सिस्टिम हा पर्याय देऊन दोन्ही प्रोग्रॅमसाठी वेगवेगळे वापरकर्ते तयार करावेत आणि त्यांना लॉगिनची शेल देऊ नये. प्रोग्रॅमच्या फाइली 'यूएसआर-लोकल-बिन'मध्ये आणि कॉन्फिगरेशन 'ईटीसी'खालच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवावे. कॉन्फिगरेशनची मालकी रूटकडे, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्याकडे, असावी आणि सर्व्हिसच्या वापरकर्त्याला ते फक्त वाचता यावे. प्रॉमिथियससोबत येणारा 'प्रॉमटूल' कॉन्फिगरेशन तपासून देतो. ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टरलाही केवळ तपासणी करून थांबण्याचा पर्याय आहे. त्यानंतर 'सुडो'ला वापरकर्त्याचे नाव देऊन प्रोग्रॅम सुरू करावा. 'हाताने चालते, पण सर्व्हिस म्हणून चालत नाही' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा एवढेच निघते की हाताने चालवणारा रूट होता आणि सर्व्हिस चालवणारा नव्हता.

युनिट फाइल

'ईटीसी'खालील 'सिस्टिमडी' फोल्डरमधल्या 'सिस्टिम' या फोल्डरात 'ब्लॅकबॉक्स डॉट सर्व्हिस' नावाची फाइल तयार करावी. तिचे 'युनिट', 'सर्व्हिस' आणि 'इन्स्टॉल' असे तीन विभाग असतात आणि प्रत्येक विभागाचे नाव चौकोनी कंसात लिहितात. 'युनिट' विभागात वर्णनाची एक ओळ पुरते. 'सर्व्हिस' विभागात 'यूजर'पुढे वापरकर्त्याचे नाव आणि 'एक्झेकस्टार्ट'पुढे प्रोग्रॅमचा संपूर्ण मार्ग व त्याचे पर्याय लिहावेत.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, ती अशी की 'एक्झेकस्टार्ट'ची ओळ शेल वाचत नाही. टर्मिनलवर चालणारी आज्ञा जशीच्या तशी इथे चिकटवली, तर तिच्यातील पाइप, आउटपुट फाइलकडे वळवणारे चिन्ह, घरच्या फोल्डरसाठीचे टिल्डचे चिन्ह आणि ओळीच्या शेवटी बॅकग्राउंडसाठी दिलेला अँपरसँड, हे सगळे प्रोग्रॅमला साधे शब्द म्हणून पोचते आणि तो 'हा पर्याय मला माहीत नाही' असे सांगून थांबतो. बॅकग्राउंडला पाठवण्याचे काम सिस्टिमडीचे आहे, ते आज्ञेत लिहायचे नसते. याच कारणाने, जे प्रोग्रॅम स्वतःहून डीमन होऊ शकतात, म्हणजे आपणच बॅकग्राउंडला जाऊ शकतात, उदाहरणार्थ 'डी' पर्यायाने चालणारे नागिऑस, त्यांचा तो पर्याय काढून त्यांना समोरच चालू द्यावे.

'टाइप' या निर्देशाला मूळ किंमत 'सिंपल' असते. ती असताना प्रोग्रॅमचा मार्ग चुकला असला तरी 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट' काही न बोलता परत येते. त्याऐवजी 'एक्झेक' लिहावे. मग फाइल सापडली नाही किंवा चालवता आली नाही, तर ते सुरू करतानाच समोर येते. सिस्टिमडीच्या २४० व्या आवृत्तीपासून ही सोय आहे, त्यामुळे सध्या वापरात असलेल्या बहुतेक सर्व्हरवर ती मिळेल.

'इन्स्टॉल' विभागात 'वाँटेडबाय'पुढे 'मल्टी-यूजर डॉट टार्गेट' लिहिले की फाइल पुरी झाली. 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड' देऊन सिस्टिमडीला नवी फाइल वाचायला लावावी आणि मग 'एनेबल'ला 'नाउ' हा पर्याय जोडून सर्व्हिस सुरू करावी. नुसत्या 'स्टार्ट'ने सर्व्हिस आता चालते, पण रीबूटनंतर येत नाही. नुसत्या 'एनेबल'ने रीबूटनंतर येते, पण आता चालत नाही. सुरुवातीलाच अपयश आले, तर 'स्टेटस'मध्ये दिसणारा आकडा पाहावा: २०३ म्हणजे फाइल सापडत नाही किंवा चालवण्याजोगी नाही, आणि २१७ म्हणजे 'यूजर'पुढे लिहिलेला वापरकर्ता अस्तित्वात नाही. यांखेरीज १ हा आकडा दिसला, तर बहुधा दोष युनिट फाइलीत नसून प्रोग्रॅमच्या कॉन्फिगरेशनमध्ये असतो.

(विंडोज सर्व्हरवर हेच काम करायचे असेल, तर साधी 'ईएक्सई' फाइल सरळ सर्व्हिस म्हणून नोंदवून भागत नाही. विंडोजच्या सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरला वेळेत उत्तर देण्याचे ज्ञान तिला नसते आणि शेवटी १०५३ क्रमांकाची चूक येते. तिथे एनएसएसएमसारखा मधला प्रोग्रॅम घ्यावा लागतो.)

पिंगसाठी लागणारा अधिकार

पिंगचे पॅकेट टीसीपी किंवा यूडीपीचे नसते, आयसीएमपीचे असते, आणि असे पॅकेट स्वतः घडवून पाठवण्यासाठी लागणारे रॉ सॉकेट लिनक्स सामान्य वापरकर्त्याला उघडू देत नाही. त्यामुळे ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर साध्या वापरकर्त्याच्या नावाने सुरू केला की तो व्यवस्थित चालू झालेला दिसतो आणि तरीही सगळ्या शाखा बंद असल्याचे सांगू शकतो. यावर वैतागून सर्व्हिस रूटच्या नावाने चालवू लागणारे पुष्कळ आहेत. नेटवर्कवर पोर्ट उघडून बसलेला आणि बाहेरून आलेले पत्ते पिंग करणारा प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने चालवणे म्हणजे एका पिंगसाठी सगळा सर्व्हर पणाला लावणे आहे.

दुसरा प्रचलित मार्ग 'सेटकॅप'चा. त्याने 'कॅप-नेट-रॉ' हा एकच अधिकार प्रोग्रॅमच्या फाइलला चिकटवता येतो. हा मार्ग रूटपेक्षा नक्कीच बरा, पण त्यात दोन खोड्या आहेत. पहिली म्हणजे, नवी आवृत्ती आणून जुन्या फाइलच्या जागी ठेवली की तो अधिकार जुन्या फाइलबरोबर जातो आणि अपडेटनंतर पिंग अचानक बंद पडते. दुसरी खोडी अधिक फसवी आहे: सुरक्षेसाठी युनिट फाइलमध्ये 'नोन्यूप्रिव्हिलेजेस' चालू केले, तर फाइलला चिकटवलेला अधिकार कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मानतच नाही, आणि दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर दिसत असताना पिंग मात्र चालत नाही.

म्हणून अधिकार युनिट फाइलमध्येच द्यावा. 'अँबियंटकेपेबिलिटीज'पुढे 'कॅप-नेट-रॉ' लिहावे आणि 'केपेबिलिटीबाउंडिंगसेट'पुढेही तेवढेच लिहावे, म्हणजे एवढा एकच अधिकार मिळेल आणि यापलीकडचा कोणताही अधिकार प्रोग्रॅमला कधीच घेता येणार नाही. त्यासोबत 'नोन्यूप्रिव्हिलेजेस', 'प्रोटेक्टहोम' आणि 'प्रायव्हेटटेम्प' यांना 'येस' आणि 'प्रोटेक्टसिस्टिम'ला 'स्ट्रिक्ट' द्यावे. स्मोकपिंगसारखी सॉफ्टवेअरे स्वतः पिंग न करता 'एफपिंग' या वेगळ्या प्रोग्रॅमला हाताशी धरतात. त्यांच्या बाबतीतही हाच उपाय लागू पडतो, कारण असा दिलेला अधिकार पुढे सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमकडे वारशाने जातो.

पडल्यावर पुन्हा उठणे

'रीस्टार्ट' या निर्देशाला बहुतेक नमुन्यांत 'ऑन-फेल्युअर' लिहिलेले आढळते. मॉनिटरिंगसाठी ते पुरेसे नाही. टर्मिनेटचा सिग्नल मिळून प्रोग्रॅम बंद झाला, किंवा कोणत्याही कारणाने शून्य हा निकाल देऊन तो स्वतः थांबला, तर सिस्टिमडीच्या दृष्टीने ते अपयश नसते आणि सर्व्हिस तशीच बंद राहते. येथे 'ऑलवेज' लिहावे. आपण स्वतः 'सिस्टिमसीटीएल स्टॉप' दिले, तर 'ऑलवेज' असूनही सर्व्हिस बंदच राहते, त्यामुळे देखभालीच्या वेळी त्याची अडचण होत नाही.

खरी मेख मात्र पुढे आहे. पडल्यानंतर पुन्हा सुरू करण्यापूर्वी सिस्टिमडी मुळात १०० मिलिसेकंद थांबते, आणि १० सेकंदांत पाच वेळा सुरू करूनही सर्व्हिस टिकली नाही, तर ती 'फेल्ड' म्हणून सोडून देते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. डिस्क क्षणभर भरली, किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमने पोर्ट धरून ठेवले, तर पाचही प्रयत्न सेकंदाभरात संपतात आणि ते कारण दोन मिनिटांनी दूर झाले तरी मॉनिटरिंग परत येत नाही. याउलट 'रीस्टार्टसेक' ५ सेकंद केले, तर १० सेकंदांत पाच प्रयत्न कधी होतच नाहीत, त्यामुळे सर्व्हिस अखंड उठत-पडत राहते आणि 'फेल्ड' या अवस्थेला कधीच पोचत नाही. त्या अवस्थेला पोचली नाही, म्हणजे 'ऑनफेल्युअर' या निर्देशाने ठेवलेला मेलही जात नाही, कारण प्रयत्नांची मर्यादा संपल्यावरच तो निर्देश कामाला लागतो.

दोहोंपैकी एक निवडावे लागते. वेब सर्व्हरसारख्या सर्व्हिसला मर्यादा ठेवणे योग्य आहे, कारण तिथे माणूस लवकर लक्ष घालतो. मॉनिटरिंगसाठी माझे मत उलट आहे: 'रीस्टार्टसेक' १० सेकंद ठेवावे, 'स्टार्टलिमिटइंटर्व्हलसेक' शून्य करून मर्यादाच काढून टाकावी, सर्व्हिसला अखंड प्रयत्न करू द्यावा आणि ती चालत नाही हे कळण्याची व्यवस्था सर्व्हरच्या बाहेर करावी. ती व्यवस्था पुढे येते. येथे एवढेच लक्षात ठेवावे की 'स्टार्टलिमिट'ने सुरू होणारे निर्देश 'युनिट' विभागात लिहायचे असतात. 'रीस्टार्ट' ज्या 'सर्व्हिस' विभागात आहे त्याच्याखालीच ते लिहिण्याचा मोह होतो, आणि तिथे लिहिलेला 'स्टार्टलिमिटइंटर्व्हलसेक' सिस्टिमडी 'अनोळखी नाव' अशी नोंद करून सोडून देते. 'सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ व्हेरिफाय' ही आज्ञा अशा चुका सुरू करण्यापूर्वीच दाखवते.

वीज गेल्यानंतर आणि आल्यानंतर

यूपीएसची बॅटरी संपेपर्यंत वीज आली नाही, तर सर्व्हर, राउटर आणि स्विच सगळेच बंद पडतात आणि वीज आल्यावर सगळे एकाच क्षणी उठू लागतात. या शर्यतीत कोण पुढे असेल याचा नेम नसतो. त्यासाठी युनिट फाइलमध्ये 'वाँट्स' आणि 'आफ्टर' यांच्यापुढे 'नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट' लिहावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाला पत्ता मिळून ते वापरण्याजोगे होईपर्यंत सर्व्हिस थांबेल. इंटरनेट सुरू झाले, असा त्याचा अर्थ नाही. उबुंटू सर्व्हरवर ही वाट जास्तीत जास्त १२० सेकंद पाहिली जाते.

मॉनिटरिंगच्या सर्व्हिसला मुळात ही वाट पाहायला लावावी का, याचा विचार करावा. नेटवर्क बंद आहे हे सांगण्यासाठीच जो प्रोग्रॅम ठेवला आहे, त्याने नेटवर्क येईपर्यंत सुरूच व्हायचे नाही, हे तर्काला धरून नाही. ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर ९११५ या आणि प्रॉमिथियस ९०९० या पोर्टवर १२७.०.०.१ या सर्व्हरच्या आतल्या पत्त्याला बांधून ठेवले, तर दोघेही नेटवर्क नसताना बिनतक्रार सुरू होतात आणि पहिल्या मिनिटापासून शाखा बंद असल्याची खरी नोंद करतात. बाहेरच्या ठरावीक पत्त्याला बांधले, तर मात्र तो पत्ता कार्डाला मिळण्यापूर्वी सुरुवात झाली की 'हा पत्ता देता येत नाही' अशी चूक येते, आणि तेवढ्याच परिस्थितीत नेटवर्कची वाट पाहणे योग्य ठरते. आतल्या पत्त्याला बांधण्याचा दुसरा फायदा सुरक्षेचा आहे, कारण प्रॉमिथियसचे वेब पान मुळात पासवर्ड विचारत नाही. ते पाहायचे असेल तेव्हा एसएसएचच्या टनेलमधून पाहावे.

शाखांच्या राउटरचे पत्ते नावाने न लिहिता आयपी आकड्यांत लिहावेत. नावाने लिहिले आणि वीज आल्यानंतर डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा, उशिरा उठले, तर वीसही शाखा बंद असल्याचा इशारा येईल, आणि प्रत्यक्षात एकही बंद नसेल.

घड्याळाचा मुद्दा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जुन्या सर्व्हरच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, आणि वीज गेली की घड्याळ भलतीच वेळ दाखवू लागते. प्रॉमिथियस प्रत्येक आकड्यावर वेळेचा शिक्का मारून साठवतो. घड्याळ पुढे गेलेल्या अवस्थेत काही आकडे साठवले गेले आणि मग वेळ दुरुस्त झाली, तर खऱ्या वेळेचे नवे आकडे त्याला उलट्या क्रमाचे वाटतात आणि मूळ सेटिंगनुसार तो ते नाकारतो. यावर 'आफ्टर'मध्ये 'टाइम-सिंक डॉट टार्गेट' लिहिण्याचा उपाय आहे, पण 'सिस्टिमडी-टाइम-वेट-सिंक' ही सर्व्हिस चालू केल्याशिवाय ते टार्गेट खऱ्या अर्थाने थांबत नाही, आणि ती चालू केली तर इंटरनेट बंद असताना वेळ जुळत नाही म्हणून मॉनिटरिंग सुरूच होत नाही. नेमक्या गरजेच्या वेळी गप्प बसणारी अशी जोडणी करण्यापेक्षा बॅटरी बदलावी. थोड्या रुपयांत काम होते.

प्रॉमिथियसची सर्व्हिस

प्रॉमिथियसची युनिट फाइल वरच्याच पद्धतीने लिहावी. तिला पिंगचा अधिकार लागत नाही, म्हणून 'केपेबिलिटीबाउंडिंगसेट' रिकामे ठेवावे. साठवणीसाठी 'स्टेटडिरेक्टरी'पुढे 'प्रॉमिथियस' लिहिले की 'व्हार-लिब'मध्ये त्या नावाचे फोल्डर योग्य मालकीसह तयार होते आणि 'प्रोटेक्टसिस्टिम स्ट्रिक्ट' असतानाही तेवढ्या जागी लिहिता येते. 'एक्झेकरीलोड'मध्ये मुख्य प्रक्रियेला हँगअपचा सिग्नल पाठवणारी 'किल' आज्ञा लिहावी, म्हणजे शाखेचा नवा पत्ता जोडल्यावर सर्व्हिस बंद न करता 'सिस्टिमसीटीएल रीलोड'ने भागते. जो सिग्नल सुरुवातीला टर्मिनलमधल्या प्रोग्रॅमला बंद पाडत होता, त्यावरच प्रॉमिथियस कॉन्फिगरेशन पुन्हा वाचतो.

आकडे किती दिवस ठेवायचे, हे सांगितले नाही तर प्रॉमिथियस १५ दिवसांचेच ठेवतो. इंटरनेट पुरवठादाराशी मागच्या तिमाहीच्या बिलावरून बोलायचे असेल, तर ते कामाचे नाही. जागेची भीती बाळगू नये. वीस शाखांच्या प्रत्येकी सुमारे १५ नोंदी धरल्या, तर ३०० नोंदी होतात. दर १५ सेकंदांनी एक, म्हणजे दिवसाला ५,७६० वेळा, म्हणजे रोजचे १७ लाख २८ हजार आकडे. प्रत्येक आकड्याला सरासरी एक ते दोन बाइट लागतात. दोन धरले तरी दिवसाला साडेतीन आणि वर्षाला सुमारे १,३०० मेगाबाइट. साठवणीची मुदत सरळ एक वर्ष ठेवावी.

'चालू' दिसते, म्हणून मोजत आहे असे नाही

'सिस्टिमसीटीएल स्टेटस'मध्ये हिरव्या अक्षरांत 'अ‍ॅक्टिव्ह, रनिंग' दिसले, म्हणजे प्रक्रिया जिवंत आहे, एवढेच कळते. अचानक बंद पडून पुन्हा उठलेला प्रॉमिथियस आधी आपली मागची नोंदवही वाचून काढतो, आणि तोवर सिस्टिमडीला तो चालू दिसत असला तरी कोणत्याही प्रश्नाला उत्तर देत नाही. त्याची तयारी पाहण्यासाठी 'रेडी' या पत्त्यावर विचारणा करावी. तयार नसताना तिथून ५०३ हे उत्तर येते.

याहून मोठी गफलत इशाऱ्यांच्या नियमांत होते. प्रॉमिथियसमध्ये 'अप' नावाची नोंद आपोआप तयार होते आणि तिची किंमत शून्य झाली की इशारा द्यावा, असा नियम बरेच जण लिहितात. ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टरच्या बाबतीत 'अप'चा अर्थ 'एक्स्पोर्टरने उत्तर दिले' असा आहे. 'शाखेने उत्तर दिले', असा तो नाही. शाखेचा राउटर जळून गेला तरी एक्स्पोर्टर 'तो उत्तर देत नाही' असे नीट सांगतो, आणि सांगितले म्हणून 'अप'ची किंमत १ राहते. शाखेसाठी 'प्रोब-सक्सेस' ही नोंद पाहावी. ती सलग दोन मिनिटे, म्हणजे आठ नोंदी, शून्य राहिली तर इशारा द्यावा. एका चुकलेल्या पिंगवर माणसाला उठवू नये. 'अप'साठी वेगळा नियम ठेवावा, आणि त्याच्या संदेशात 'शाखा बंद' न लिहिता 'मोजणी बंद' असे लिहावे.

लॉगसाठी 'जर्नलसीटीएल'ला 'यू' हा पर्याय आणि सर्व्हिसचे नाव द्यावे. रीबूटच्या आधीचे लॉग हवे असतील, तर 'व्हार-लॉग'मध्ये 'जर्नल' हे फोल्डर असल्याची खात्री करून घ्यावी, नाहीतर लॉग मेमरीतच राहतात आणि वीज गेली की जातात.

सर्व्हरच्या बाहेरची व्यवस्था

सर्व्हरच बंद पडला, किंवा मुख्य कार्यालयाची इंटरनेटची लाइन तुटली, तर आतून कितीही नेमका इशारा काढला तरी तो बाहेर पोचत नाही. यासाठी उलटी रीत वापरतात: सर्व्हरने ठरावीक वेळाने 'मी चालू आहे' असा निरोप बाहेर पाठवावा, आणि तो निरोप यायचा थांबला की बाहेरच्या यंत्राने इशारा द्यावा. प्रॉमिथियसमध्ये नेहमीच खरा ठरणारा एक नियम लिहिला, की त्याचा इशारा अखंड चालू राहतो; अलर्टमॅनेजरने, म्हणजे प्रॉमिथियसने काढलेले इशारे माणसांपर्यंत पोचवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमने, तो वेगळ्या मार्गाने बाहेरच्या पत्त्यावर पाठवत राहायचे. हा निरोप निघण्यासाठी प्रॉमिथियस चालू, नियम वाचले जाणारे, अलर्टमॅनेजर जिवंत आणि लाइन सुरू, अशा चारही गोष्टी ठीक असाव्या लागतात, आणि त्यातच त्याचा उपयोग आहे. अलर्टमॅनेजर एकच इशारा मुळात चार तासांनी पुन्हा पाठवतो, त्यामुळे या एका मार्गासाठी 'रिपीट इंटर्व्हल' पाच मिनिटे आणि 'ग्रुप इंटर्व्हल' एक मिनिट करावे लागते. हे विसरले, तर निरोप चार तासांनी येतो आणि बाहेरचे यंत्र मधल्या काळात विनाकारण ओरडत राहते.

बाहेरचे यंत्र म्हणून भाड्याचा छोटा सर्व्हर चालेल, अशी सेवा देणारी संकेतस्थळे चालतील, किंवा ज्या शाखेत वेगळ्या कंपनीचे इंटरनेट आहे तिथे ठेवलेला लहानसा संगणकही चालेल. अट एकच: त्याची वीज आणि लाइन मुख्य कार्यालयापासून वेगळी असावी.

आता चाचण्या. शाखांचे व्यवहार संपल्यावर, संध्याकाळी, 'सिस्टिमसीटीएल किल'ला 'किल' हा सिग्नल देऊन ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर पाडावा आणि १० सेकंदांनी तो उठतो का, हे पाहावे. मग सर्व्हर रीबूट करून कशालाही हात न लावता आलेख पुन्हा सुरू होतात का, ते तपासावे. एखाद्या शाखेतील माणसाला फोन करून राउटर तीन मिनिटे बंद करायला सांगावे आणि इशाऱ्यात त्याच शाखेचे नाव आले, याची खात्री करावी. शेवटी मुख्य कार्यालयाच्या राउटरमधली इंटरनेटची केबल काढून ठेवावी आणि बाहेरच्या यंत्राचा संदेश ज्याच्या फोनवर यायचा आहे त्याच्या फोनवर येईपर्यंत ती परत लावू नये. सर्व्हरवरील प्रोग्रॅमची किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलली की यांतली पहिली आणि शेवटची चाचणी पुन्हा घ्यावी.